टॅली संथ चालते म्हणून गेमिंग लॅपटॉप घ्यावा का?

पत्र

नमस्कार. मी इचलकरंजीत करसल्लागार आहे. सूत व्यापारी, यंत्रमागवाले आणि थोडे किराणा दुकानदार असे माझे क्लायंट आहेत. मदतीला एक मुलगी येते. २०१९ मध्ये घेतलेल्या एकाच लॅपटॉपवर सगळं काम चालतं. आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. हल्ली तो सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. एक्सेलमध्ये मोठी शीट उघडली की 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. चार-पाच महिन्यांपूर्वी चार्जरची वायर तुटली म्हणून बाजारातून दुसरा घेतला. तेव्हापासून चालू करताना चार्जरबद्दल काहीतरी सूचना येते, ती मी एफ-वन दाबून घालवते. बॅटरी चार्ज होत नाही. डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन कधी दिसतं, कधी नाही. कधीकधी लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात.

दुकानदार म्हणतो, हा विंडोज ११ ला चालणार नाही, काढून टाका आणि ग्राफिक कार्डवाला गेमिंग लॅपटॉप घ्या, हिशेबाची टॅली पळेल. पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, मॅकबुक घे. एक जण कंपनीतून निघालेला जुना थिंकपॅड स्वस्तात देतोय. माझं बजेट ७० हजारांपर्यंत आहे. काय करू?

– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर

ताई, सगळ्यात आधी तो बाजारातला चार्जर काढून ठेवा. आजच. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

झिणझिण्या येणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. लॅपटॉपच्या चार्जरला बहुधा तीन पिनांचा प्लग असतो आणि तिसरी, जाड पिन अर्थिंगची असते. बोर्डात अर्थिंग नसेल, किंवा मध्ये दोन पिनांचा जोड लावला असेल, तर चांगल्या चार्जरवरही लॅपटॉपच्या पत्र्याला हलका करंट जाणवतो. पण चार्जर नकली असेल तर आतलं इन्सुलेशन कसं आहे याची खात्री कोण देणार? तेव्हा दोन कामं करा. लॅपटॉपच्या कंपनीचा अस्सल चार्जर मागवा, आणि वायरमनला बोलावून ऑफिसच्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. प्रिंटर, राउटर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शनवर असतील तर तेही त्याला दाखवा.

आता तो चार्जर तुमचा लॅपटॉप संथ कसा करतो ते सांगतो, कारण हे अनेकांना माहीतच नसतं. काही कंपन्यांच्या चार्जरचं टोक गोल असतं आणि त्याच्या मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. वीज तिच्यातून येत नाही. चार्जर किती वॅटचा आहे, ४५, ६५ की ९०, हे ती लॅपटॉपला कळवते. नकली चार्जरमध्ये ही ओळख नसते, किंवा पिन वाकलेली असते. मग चार्जर किती ताण सोसेल हे लॅपटॉपला कळत नाही, म्हणून तो सावधपणे वागतो: बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग अगदी खाली आणतो. सुरू करताना तुम्हाला नेमकी हीच सूचना येत असणार आणि तुम्ही ती रोज एफ-वन दाबून पुढे ढकलताय.

अस्सल चार्जर आला की तो लावून तपासा, पाच मिनिटं पुरतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'सीपीयू' निवडा. खाली 'स्पीड' लिहिलेलं असतं. एक्सेलमध्ये मोठी शीट उघडत असतानाही तो आकडा ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली चिकटून बसला असेल, तर प्रोसेसरला कुणीतरी दाबून धरलंय. आकडा दोन-तीनच्या पुढे उसळला, तर दोष बाजारातल्या चार्जरचा होता. अस्सल चार्जरवरही आकडा तळालाच राहिला तर पंख्याकडे बघावं लागेल. सुताच्या गावात पंख्याच्या जाळीत तंतू अडकून चिंधीसारखा थर बसतो, आणि इतक्या वर्षांत प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्टही सुकते. दोन्ही साफ करून बदलणं हे चांगल्या कारागिराचं तासाभराचं काम आहे.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क'वरही एक नजर टाका. माझा अंदाज आहे की तिथे बराच वेळ १०० टक्के दिसेल आणि प्रोसेसर मात्र निवांत असेल. तुमच्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी आहे, लॅपटॉपमध्ये ती सहसा मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, आणि तिच्यावरची सुई जागा शोधत इकडून तिकडे जाते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली मागतं, त्यातच अँटीव्हायरस तपासायला बसतो, आणि सुई बिचारी पळत राहते. दहा मिनिटं तिथे जातात. एसएसडी ही चिपवर डेटा साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हा शोधण्याचा वेळ जवळजवळ संपतो. २०१९ च्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची एसएसडी बसते, आणि बऱ्याच मॉडेलांत एम-टू नावाचा एक छोटा खाचाही रिकामा असतो. ५०० जीबीची एसएसडी तुमच्या कामाला भरपूर झाली. सोबत रॅम ८ ची १६ करून घ्या, खाचा मोकळा असेल तर. एवढ्यावर जो फरक पडेल तो बघून तुम्ही दुकानदाराला पुन्हा विचाराल की भंगार नेमकं कशाला म्हणत होतात.

पण डिस्कला हात लावण्याआधी टॅलीच्या डेटाचं फोल्डर, क्लायंटच्या फायली आणि आउटलुक वापरत असाल तर त्याची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकावर लावून फायली खरंच उघडतात का ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर हार्ड डिस्कची तब्येत सांगतं. तिथे 'गुड'ऐवजी 'कॉशन' दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डेटा बाहेर काढा. दुकानात लॅपटॉप देऊन "डेटा काढून ठेवा हं" असं सांगणं म्हणजे बॅकअप घेणं नव्हे.

विंडोजबद्दल दुकानदार अर्धं खरं बोलतोय. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला, त्यामुळे पासवर्ड आणि क्लायंटचे बँक तपशील असलेल्या यंत्रावर ते तसंच चालवत राहणं मला पटत नाही. पण तुमचा लॅपटॉप विंडोज ११ ला चालणार नाही, हे त्यानं कशावरून ठरवलं? 'सिस्टिम'मध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. आय-फाइव्हच्या पुढे बहुधा चार आकडी क्रमांक असतो आणि त्यातला पहिला आकडा पिढी सांगतो; क्रमांक १० नं सुरू होत असेल तर दहावी पिढी. ८२५० किंवा ८२६५ असेल तर आठवी पिढी, आणि इंटेलमध्ये विंडोज ११ साधारण तिथूनच चालतं. ७२०० असेल तर सातवी, मग दुकानदार बरोबर. २०१९ मध्ये जुना साठाही विकला जात होता, म्हणून खरेदीच्या वर्षावर जाऊ नका, आकडा वाचा. आठवी पिढी असूनही तपासणीत 'टीपीएम' ही सुरक्षेची सोय नाही असं आलं तर ते बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असण्याची शक्यता मोठी. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये ते 'पीटीटी' या नावानं सापडतं. सुरू करा, आणि नव्या एसएसडीवर विंडोज ११ कोरं टाकून घ्या. आत्ताचं विंडोज अस्सल असेल तर परवाना त्या लॅपटॉपशी जोडलेला असतो, पुन्हा विकत घ्यावा लागत नाही.

टोकनचं दुखणं वेगळं आहे आणि ते नव्या लॅपटॉपवरही तुमच्या मागे येईल, म्हणून आत्ताच निस्तरा. टोकन हबमध्ये किंवा एक्स्टेन्शन वायरीत लावत असाल तर थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा, आणि दोन्ही बाजूंची पोर्टं बदलून बघा. मग 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये यूएसबी हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये जा. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी, अशा अर्थाची एक खूण तिथे असते. ती काढा. लॅपटॉप थोडा वेळ रिकामा बसला की पोर्टाला झोप लागते आणि टोकन 'हरवतं', ते थांबेल. क्लायंटची वेगवेगळ्या कंपन्यांची टोकनं तुमच्याकडे येत असणारच, ईपास, एमटोकन, प्रॉक्सकी, आणि प्रत्येकाचं ड्रायव्हर त्याच यंत्रावर चढलेलं असतं. जुनी, न लागणारी काढून टाका. सगळं नीट दिसत असताना फक्त जीएसटी पोर्टल सही घेत नसेल तर एमसाइनर हे सही करणारं सॉफ्टवेअर बंद करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नं पुन्हा चालू करा. आणि घाईत टोकनचा पासवर्ड पुन्हा पुन्हा अंदाजानं टाकू नका. ठरावीक चुकांनंतर टोकन कुलूपबंद होतं आणि मग बहुतेक वेळा डीएससी नव्यानंच काढावी लागते. २० तारखेच्या, म्हणजे रिटर्नच्या शेवटच्या दिवसाच्या, संध्याकाळी ते कुणावरच येऊ नये.

आता नव्याचा विचार. इतकं सगळं दुरुस्त झाल्यावरही नवा लॅपटॉप घ्या असंच मी म्हणेन, पण कारण वेगळं आहे. तुमचं सगळं ऑफिस एका यंत्रावर उभं आहे. ते ११ तारखेला किंवा २० तारखेला बसलं तर जीएसटीआर-१ आणि ३बी ही महिन्याची रिटर्न उशिरा भरल्याचं शुल्क क्लायंटला लागतं आणि बोलणी तुम्हाला बसतात. धंद्याच्या लॅपटॉपचा कस वेगात नाही लागत. तो बिघडला तर तुम्ही किती तासांत पुन्हा कामाला लागता, त्यात लागतो. दुरुस्त केलेला जुना तुमच्या मदतनीस मुलीला द्या, नवा तुम्ही वापरा. एक बसला तर दुसरा आहे.

गेमिंग लॅपटॉप हा तुमच्या बाबतीत आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल. टॅलीला आणि एक्सेलला त्या ग्राफिक कार्डाचा काही उपयोग नाही. वजन दोन किलोच्या वर, चार्जर विटेएवढा, बॅटरी लवकर संपणारी, पंख्याचा आवाज वेगळाच. क्लायंटकडे हे घेऊन जाणं नको वाटेल. मॅकबुक यंत्र म्हणून उत्तम आहे, भाच्याचं त्याच्या कामापुरतं बरोबरच आहे. पण टॅली मॅकसाठी येत नाही, जीएसटीआर-९ या वार्षिक रिटर्नचं ऑफलाइन टूल विंडोजच्या एक्सेलमधल्या मॅक्रोंवर चालतं, आणि टोकनचे ड्रायव्हर हा तिथे कायमचा घोर. मावशीनं भाच्याला हे एकदा दाखवावं, तोही मान्य करेल.

आणखी एका गोष्टीपासून जपा, कारण दुकानात ती हल्ली 'बॅटरी दिवसभर चालते' म्हणून पुढे केली जाते. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप. बॅटरीबद्दलचं म्हणणं खोटं नाही. पण हा प्रोसेसर एआरएम नावाच्या, इंटेलपेक्षा वेगळ्या पद्धतीचा आहे. साधी सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर मात्र त्याच पद्धतीसाठी लिहिलेलेच लागतात. तुमची टोकनं आणि जुना प्रिंटर यांच्यासाठी ते असतील याचा भरवसा नाही. तुम्ही इंटेल किंवा एएमडीच घ्या: आय-फाइव्ह, कोअर अल्ट्रा फाइव्ह किंवा रायझन फाइव्ह, नावाच्या शेवटी 'यू' अक्षर असलेला. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची, एसएसडी. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की खाचा आहे हे नक्की विचारा. सोल्डर असेल तर पुढे कधीच वाढणार नाही.

मालिका मात्र व्यवसायासाठीचीच बघा: लेनोव्होची थिंकपॅड, एचपीची प्रोबुक किंवा एलिटबुक, डेलची लॅटिट्यूड, जिला २०२५ पासून डेल प्रो म्हणतात, आसुसची एक्सपर्टबुक, एसरची ट्रॅव्हलमेट. शोरूममध्ये या क्वचितच मांडलेल्या असतात. कोल्हापूर किंवा सांगलीतल्या कमर्शियल डीलरकडे चौकशी करा. तुमच्या बजेटमध्ये यांची सुरुवातीची मॉडेलं बघता येतील. नाहीच बसलं तर प्रोसेसर एक पायरी खाली घ्या, वॉरंटीत काटकसर करू नका. तीन वर्षांची, जागेवर येऊन दुरुस्त करून देणारी वॉरंटी हीच या मालिकांमधली खरी वस्तू आहे. डीलरला विचारा: माझ्या पिनकोडवर इंजिनियर दुसऱ्या दिवशी येतो का, की मला कोल्हापूरला यावं लागेल? बॅटरीला किती वर्षं? बऱ्याचदा लॅपटॉपला तीन आणि बॅटरीला एकच असतं. डिस्क खराब झाली तर ती कंपनी घेऊन जाणार की माझ्याकडे राहणार? क्लायंटचे हिशेब असलेली डिस्क आपल्याकडेच ठेवायची सोय थोडे जास्त पैसे भरून मिळते, आणि तुमच्या पेशाला ती हवीच. उत्तरं तोंडी नकोत, कोटेशनवर लिहून घ्या.

कोटेशनवर 'डॉस' असा शब्द दिसला तर त्यात विंडोज नाही असं समजा. म्हणून तो स्वस्त दिसतो. "विंडोज मी टाकून देतो" असं डीलर म्हणाला तर परवान्याचं वेगळं बिल मागा. विंडोज 'प्रो' घ्या.

स्क्रीन १६:१० मापाची मिळाली तर एक्सेलच्या काही ओळी जास्त दिसतात. दिवसभर शीट बघणाऱ्याला हा फरक जाणवतो. चौदा इंची लॅपटॉपवर आकड्यांचा वेगळा पॅड नसतो, आणि तुमची बोटं त्या पॅडवर न बघता पळत असणार. पंधरा-सोळा इंची घेऊन वजन वाढवायचं, की चौदा इंची घेऊन ऑफिसात यूएसबीचा नंबरपॅड लावायचा, हे तुम्ही क्लायंटकडे किती फिरता त्यावर ठरवा. मी असतो तर चौदा इंची घेतला असता.

जुना थिंकपॅड देणाऱ्याला लगेच नाही म्हणू नका, पण तो तुमचं मुख्य यंत्र होऊ नये. घ्यायचाच झाला तर आठवी पिढी किंवा पुढचा, जीएसटी बिलासह. बघायला जाल तेव्हा कमांड प्रॉम्प्ट उघडायला सांगा आणि 'पॉवर'ला जोडून सी-एफ-जी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करा. तयार झालेल्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसते. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा. मग त्याच्यासमोरच विंडोज रीसेट करून इंटरनेटला जोडा. सुरुवातीलाच कुठल्यातरी कंपनीचं लॉगिन मागितलं तर तो लॅपटॉप त्या कंपनीच्या यादीतून अजून सुटलेला नाही. तसाच परत द्या. बायोसला पासवर्ड असेल तरीही तसंच.

नवा आला की पहिल्या दिवशी करायचं एक काम आहे जे जवळजवळ कुणीच करत नाही. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. चोरी झाली तर चांगलंच. पण उद्या मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झाला, तर लॅपटॉप ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर आतला डेटा गेला असंच धरा, कंपनीचा इंजिनियरही काही करू शकत नाही. 'बिटलॉकर' शोधून ती की छापा आणि डीएससीच्या कागदांसोबत कपाटात ठेवा. जुन्यावर विंडोज ११ टाकाल तेव्हा त्याचीही.

बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक, ४० टक्के घसारा, १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षी निम्माच घसारा हा नियम, यातलं मी तुम्हाला काय सांगणार. एवढंच म्हणतो की घसाऱ्यासाठी सप्टेंबरअखेरीस घाईनं घेऊ नका. त्या दिवसांत ऑडिटचं काम अंगावर असतं आणि नवं यंत्र लावायला निवांतपणा मिळत नाही. बदल महिन्याच्या २१ तारखेनंतर करा. टॅलीचा परवाना जुन्यावरून सरेंडर करून नव्यावर चालू करा, प्रत्येक टोकनचं ड्रायव्हर टाका, प्रिंटर जोडा. आणि नव्या लॅपटॉपवरून एका क्लायंटचं एखादं रिटर्न डीएससीनं सही होऊन खरंच जात नाही, तोवर जुन्यातली हार्ड डिस्क पुसू नका.